भावाच्या नावाने लिहिलेली पानं

वही दवाखान्यातून मिळाली होती. निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर तिथल्या मॅडमनी स्वतःच्या हाताने माझ्या भावाचं नाव घातलं आणि खाली लिहिलं, ‘आज काय चांगलं वाटलं?’ भावाने ते वाचलं आणि वही माझ्या मांडीवर टाकली.

“घे बाई. हात थरथरते माहा. तू लिह्य.”

मी चौथीपर्यंत शिकले. पुढे निंदण-खुरपण. पण अंगणवाडीत मदतनीस झाल्यापासून सेविकाबाई मला रजिस्टरं भरायला बसवतात, म्हणून लिहायची सवय राहिली आहे.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. खामगावहून कापसाच्या गाठी घेऊन गुजरातला जाणाऱ्या ट्रकवर तो ड्रायव्हर होता. लांबच्या खेपेत डोळा लागू नये म्हणून आधी जागायच्या गोळ्या घ्यायचा. मग एका धाब्यावर कोणी तरी पावडर दिली. तिला ते एमडी म्हणतात. ती नाकाने ओढली की दोन दोन दिवस भूक नाही, झोप नाही, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. उतरली की तोच माणूस भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याच दिवसांत कुठे तरी त्याला ती बिमारी लागली. एचआयव्ही. कुठे लागली ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तपासणीचा कागद आल्यावर त्याच्या बायकोचीही तपासणी झाली. ती बरी निघाली आणि चार दिवसांनी देऊळघाटला माहेरी निघून गेली. तिला मी नाव ठेवत नाही. ट्रकच्या मालकाने किल्ली काढून घेतली. आई-बाप आधीच गेलेले. नवरा वारल्यापासून मी माहेरच्याच घरात होते. पिंपळगाव राजाच्या अलीकडे आमचं लहानसं गाव आहे, तिथे आम्ही दोघं राहिलो.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “रोज एक गोळी. जन्मभर. घेतली तर तू म्हातारा होशील. मधूनमधून घेतलीस तर बिमारीला या गोळीची सवय होईल, मग ही गोळी पाण्यासारखी. दुसरी देता येते. पण तोवर अंगात ताकद राहिली पाहिजे.” भाऊ हो हो म्हणाला. पण पावडर अंगात असली की त्याला गोळीची आठवण राहत नसे, आणि उतरली की जगायचीच इच्छा राहत नसे. म्हणजे सगळं त्या पावडरीवर येऊन थांबलं होतं.

म्हणून डॉक्टरांनी त्याला या मॅडमकडे पाठवलं. दवाखान्याच्या मागच्या बाजूला त्यांची खोली होती. त्या समजावून सांगायच्या कामाला होत्या, बाहेरगावच्या, बोलणं शुद्ध, आवाज हळू. भावाला वाटलं होतं की आता शिव्या बसणार.

मॅडम म्हणाल्या, “पावडर सोडा असं मी सांगणार नाही. ते तुम्हाला सगळे सांगतात. पावडरीनं जे वाटतं ते फार मोठं असतं. त्याच्यापुढे रोजचं बारीकसारीक चांगलं दिसेनासं होतं. ते परत दिसायला लागावं, एवढंच आपण करायचं. रोज एक गोष्ट. ती आठवायची, कोणाला तरी सांगायची, लिहून ठेवायची. रोज कोणाचं तरी एक छोटं काम करायचं. दर आठवड्याला मला येऊन भेटायचं.”

भाऊ म्हणाला, “मॅडम, आनंद काय हरपलेला बैल हाय का, कोंडवाड्यात जाऊन पाहू?”

“कोंडवाड्यात सापडला तर तसं लिहा,” मॅडम म्हणाल्या. भाऊ हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

“तो सांगेल, तुम्ही लिहा. चालेल,” मॅडम मला म्हणाल्या. “तुम्हाला काही विचारायचंय का, ताई?”

मी मान हलवून नाही म्हटलं. खरं तर विचारायचं होतं. एखाद्या दिवशी काहीच चांगलं नसलं तर काय लिहायचं, हे. पण नव्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. लहानपणापासून तसंच आहे. मी पदर सारखा केला आणि उठले.

पहिले दिवस चांगले गेले. संध्याकाळी मी चुलीपुढे बसायची, तो उंबरठ्यावर. मी हात पुसून वही घ्यायची.

“लिह्य. आज भाकर फुगली.”

“भाकर त रोजच फुगते.”

“फुगत असन. म्या आज पाह्यली.”

दुसऱ्या दिवशी म्हणाला, “शेजारचं कुत्रं मले पाहून भुकलं नाही. त्याले वाटलं असन, हा त मेलाच हाय.”

“असं लिहू काय मी? मॅडम काय म्हनतीन?”

“लिह्य वं. खरं तेच लिहा लागते ना?”

मी लिहिलं. तेही मॅडमनी वाचलं आणि दोघं मिळून हसले. एकदा त्याने शाळेच्या हापशाची ढिली झालेली साखळी बसवून दिली, ते लिहायला सांगितलं. एकदा नुसतं, ‘दुपारी झोप लागली.’ जेवण झालं की तो माझ्यासमोर गोळी घ्यायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि जीभ बाहेर काढून दाखवायचा, अंगणवाडीतली पोरं दाखवतात तशी. दोन आठवडे असे गेले.

मग त्याचे जुने सोबती फाट्यावर ट्रक थांबवून त्याला भेटले. चहा प्यायला म्हणून गेला तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दारातूनच बोलत आला. घराला रंग द्यायचा, विहीर उपसायची, मला यात्रेला न्यायचं. मला कळलं. त्यानंतर तो तीन दिवस भिंतीकडे तोंड करून होता.

“भाऊ, आज काय लिहू?”

“काही नाही.”

दुसऱ्या दिवशी तेवढंही बोलला नाही.

आता मी जे केलं ते सांगते. अंगणवाडीत कोरा रकाना ठेवत नाहीत. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी पोरं आईबरोबर वावरात असतात, तरी हजेरीपटावर ती हजर असतात. वजनकाटा बिघडला असला तरी वजनाच्या रजिस्टरात वजन असतं. कारण सुपरवायझर मॅडम आल्या की त्यांचं बोट नेमकं कोऱ्या रकान्यावर जातं. “हे काय?” एवढंच म्हणतात. त्या ‘हे काय?’ला सेविकाबाईही घाबरतात, मी तर खिचडीच्या भांड्यामागे जाऊन उभी राहते. इतकी वर्षं तेच केलं, त्यामुळे कोरं दिसलं की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. मला वाटलं, वही कोरी दिसली तर दवाखान्यातल्या मॅडम म्हणतील, याला गरज नाही. नाव कमी करतील. मग गोळ्याही बंद होतील. असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच धरून चालले.

तारीख टाकली आणि लिहिलं, ‘आज हरभऱ्याला घाटे धरलेले दिसले. बरं वाटलं.’ ते मी पाहिले होते, अंगणवाडीत जाताना. दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘शेजारच्या म्हातारीला कळशी उचलून दिली.’ तीही मीच उचलून दिली होती. मग रोज लिहीत गेले. चिमणी डेऱ्यावर बसून पाणी प्याली. पोरांनी बोरं आणून दिली. मेथीला वास फार चांगला आला. लिहिताना मला बरं वाटायचं, हे लपवत नाही. दिवसभर मी वहीसाठी काही तरी शोधत असायची, आणि ते सापडायचंही. घरात माझ्या मागेच भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा, किंवा फाट्यावर गेलेला असायचा, आणि मी त्याच्या नावाने लिहीत असायची की मला बरं वाटलं.

पुढच्या भेटीला मॅडमनी वही उघडली आणि मोठ्याने वाचलं, “‘चिमणी डेऱ्यावर बसून पाणी प्याली. ती उडू नये म्हणून मी हललो नाही.’ किती छान पाहिलंत, दादा!”

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

“डोळे लाल दिसतायत. झोप झाली नाही?”

“खोकला होता, मॅडम.”

डब्यातल्या गोळ्या मोजल्या, त्या बरोबर भरल्या. मॅडम खूश होत्या. त्यांच्या खोलीबाहेर बाकावर माणसं बसलेली होती, सगळी खाली माना घातलेली. त्या म्हणाल्या, “आता दर आठवड्याची गरज नाही. महिन्याने या. वही मात्र सोडू नका.” मग माझ्याकडे वळल्या, “घरी ठीक आहे ना, ताई?”

मी मान हलवून हो म्हटलं.

एसटीत तो खिडकीशी बसला.  गाव सुटल्यावर म्हणाला, “काय वं बाई, चिमनी केव्हा आली होती?”

“आली होती.”

“मी कुठी होतो?”

मी वही पिशवीत आत सारली.

“चांगला मानूस हाय तुह्या वहीतला,” तो म्हणाला. “भेटा लागते त्याले एकडाव.” आणि हसला. मला वाटलं, रागावला नाही, म्हणजे बरं झालं. तो का हसला ते पुढे कळलं. वहीत चांगलं लिहिलेलं असलं की कोणी विचारत नाही, हे त्याने त्या दिवशी पाहिलं होतं.

तो महिना वाईट गेला. दोन दिवसांआड फाटा. मी म्हणायची, “भाऊ, गोळी.” तो म्हणायचा, “घेतली.” जीभ दाखवणं बंद झालं होतं. एक दिवस त्याचा खाकी शर्ट धुवायला काढला तर खिशाच्या तळाशी हाताला ओलसर पीठ लागलं. गोळ्या होत्या. काही अख्ख्या, काही घामाने विरघळून कापडाला चिकटलेल्या. मूठभर निघाल्या. मी नळाजवळ तशीच बसून राहिले.

मॅडमचा नंबर वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर होता. दुपारी पोरं घरी गेल्यावर अंगणवाडीच्या मागे उभी राहून मी फोन लावला. त्या “हॅलो” म्हणाल्या आणि मी बंद केला. लगेच त्यांचाच आला.

“मी भावाची वही लिहिते ती बहीन बोलून राह्यली, मॅडम. चुकून लागला.”

“असू दे. दादा कसे आहेत?”

“बरे हायेत.”

“वही लिहिताय ना?”

“हाव.”

एवढं बोलून मी घरी आले आणि त्या दिवशीचं पान भरलं.

महिना भरायच्या आतच त्याला ताप धरला. संध्याकाळी ताप, पहाटे घाम, खोकल्याने बोलता येईना. शर्ट खुंटीला टांगावा तसा त्याच्या अंगावर लोंबायला लागला. दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांनी ठेवूनच घेतलं. छातीत टीबी निघाला. रक्त तपासायला गेलं आणि काही दिवसांनी रिपोर्ट आला. रक्तात बिमारी वाढली होती, गोळी चालेनाशी झाली होती.

डॉक्टर मॅडमना म्हणाले, “तुम्ही तर म्हणत होतात, हा उत्तम चाललाय.”

मॅडम व्हरांड्यात येऊन माझ्याजवळ बसल्या. वही पिशवीत होती. मी ती काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “घाट्यापासून पुढचं सगळं माह्यं हाय. त्याचं नाही.” 

त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी पानं उलटली. बराच वेळ उलटत होत्या.

“का लिहिलंत, ताई?”

“कोरं कसं ठेवावं?”

“कोरंच ठेवायचं होतं,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. “दोन पानं कोरी दिसली असती तर मी दुसऱ्या दिवसापासून रोज फोन केला असता. चार दिसली असती तर घरी आले असते. कोरी पानं बघायलाच तर मी वही देते.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.”

त्या तसं म्हणाल्या, पण मी विचारलं नव्हतं, हेही खरं आहे.

टीबीचं औषध सुरू झालं. थोड्या दिवसांनी बिमारीच्या दुसऱ्या गोळ्याही सुरू झाल्या. त्या त्याने सगळ्या घेतल्या, नर्ससमोर, एकही न चुकवता. पावडर तिथे नव्हतीच. नुसता पडून असायचा. एक दिवस मॅडम खाटेजवळ येऊन म्हणाल्या, “दादा, ताईंनी लिहिलेली पानं आहेत ना, त्या दिवशी खरं काय झालं होतं ते सांगाल? चांगलं असो, वाईट असो. एका वेळी एकच.”

भाऊ म्हणाला, “चाला. कोंडवाडा पाहू आता.”

रोज दुपारी जेवणाची ताटं उचलून नेली की मी एक पान वाचायची. तो डोळे मिटून आठवायचा. मी खाली खरं लिहायची.

“‘हरभऱ्याला घाटे धरलेले दिसले.’”

त्याने बोटांवर दिवस मोजले. “त्या दिवशी तिले फोन केला होता. देऊळघाटले.”

“मंग?”

“उचलला तिनं. बोलली नाही. पन ठेवलाही नाही. मी आयकत राह्यलो. मांगं कोंबडी ओरडत होती, भांडे वाजत होते. लई वेळ.”

“मले काऊन नाही सांगतलं?”

“मंग पुन्हा कुठी विचारलं तू? तू त लिहून मोकळी झाली होती.”

तो टोचून बोलला नव्हता. खोकला आला म्हणून थांबला. मी पेन धरून बसले. तो फोन त्याच्या वहीत त्या दिवशीच यायला हवा होता. त्या पानावर माझे घाटे बसले होते.

“‘शेजारच्या म्हातारीला कळशी उचलून दिली.’”

“हे काही म्या केलं नाही.”

“खोडू?”

“राहू दे. तिचं पानी त घरी पोचलं.”

चिमणीच्या दिवशी तो फाट्यावर होता, खिशात पुडी घेऊन. मेथीच्या दिवशीचं त्याला आठवेना. काहीच आठवत नाही, असं लिहिलं. बोरांचं पान वाचलं तेव्हा त्याने डोळे उघडले.

“त्या दिवशी मी रोडच्या मधात उभा राह्यलो होतो. मुद्दाम. समोरून गाठीची गाडी आली.”

माझा हात थांबला.

“ड्रायव्हरनं ब्रेक मारला. खाली उतरून असा शिव्या द्याले लागला बाई, माय-बाप काही ठेवलं नाही. अर्धा घंटा. मंग म्हने, चाल, चहा पी.”

“पेला?”

“पेलो ना. पैसे त्यानंच देले.”

“हे कशात लिहू? चांगल्यात का वाईटात?”

त्याने विचार केला. “शिव्या चांगल्या होत्या,” म्हणाला. “तसं लिह्य.”

मी तसं लिहिलं. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त जेवला, अर्धी पोळी आणि वरण. मॅडम म्हणाल्या, चेहरा उजळलाय. मलाही तसं वाटलं. मला वाटलं, आता निघेल यातून.

पण अंगात ताकद राहिलेली नव्हती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं तेच झालं. टीबी मेंदूत चढला म्हणाले. एका दुपारी मी पान वाचलं तर त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आईला हाक मारतात तशी हाक मारली. दुसऱ्या दिवशी त्याला आतल्या खोलीत नेलं, तोंडात नळी घातली. तिथे वही न्यायला परवानगी नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला.

माती करायला गावातली पाच-सात माणसं आली. देऊळघाटहून कोणी आलं नाही. मॅडम आल्या होत्या, तेरवीलाही आल्या. मी म्हटलं, वही तुमच्या दवाखान्याची आहे, घेऊन जा. त्या म्हणाल्या, राहू द्या तुमच्याजवळ. त्यांनी मला विचारलं, तुम्ही स्वतःसाठी लिहाल का, रोज एक? मी नाही म्हटलं. मला आता चांगलं दिसलं की भीती वाटते. मेथी विकायला आली तरी मी वास घेत नाही. हे मात्र मी स्वतःहून लिहायला घेतलं, दुसऱ्या वहीत, कोणाला दाखवायचं नाही म्हणून.

त्याच्या वहीत अकरा पानं तशीच राहिली. वर त्याचं नाव, आत माझं अक्षर, आणि खाली खरं काही नाही. त्या अकरा दिवसांत तो कुठे होता, कोणाला भेटला, पुन्हा कधी रोडच्या मधात उभा राहिला का, मला माहीत नाही. त्याने बायकोला पुन्हा फोन केला असेल, असं मला वाटतं. केला असेल तर ते तिला ठाऊक असेल. देऊळघाट काही लांब नाही, दोन एसट्या बदलल्या की येतं. मी दोनदा फाट्यापर्यंत गेले आणि परत आले. तिच्या दारात उभी राहून काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.